शिफारस, अभिरुची आणि बहुरुची वाचक

‘एखादी कादंबरी सुचवा’ ही मागणी वाचनालयाच्या देवघेव विभागात, महाविद्यालयाच्या व्हरांड्यात किंवा घरगुती बैठकीत इतक्या सहजपणे केली जाते, की तिच्या उत्तरात काही नैतिक स्वरूपाचा प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. साहित्यसमीक्षेने तर या कृतीची दखल घेण्याचेच टाळले आहे. साहित्यकृतीचे वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णयन आणि मूल्यमापन ही समीक्षेची मान्य कार्ये होत. शिफारस हे काम तिने ग्रंथपालाकडे, मलपृष्ठावरील मजकुराकडे आणि वर्षअखेरीस वर्तमानपत्रांतून येणाऱ्या याद्यांकडे सोपवून दिले. वस्तुतः साहित्याचे अध्यापन करणारा प्रत्येक जण अभ्यासक्रमासाठी पुस्तक नेमताना शिफारसच करीत असतो; फरक एवढाच, की नेमलेले पुस्तक नाकारण्याची मुभा विद्यार्थ्याला नसते.

‘शिफारस’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि दरबारातून कचेरीत स्थिरावला. शिफारसपत्राच्या व्यवहारात तीन पक्ष असतात : ज्याची शिफारस करायची तो, ज्याच्याकडे करायची तो आणि जो करतो तो. यांतला तिसरा आपली पत गहाण ठेवत असतो. शिफारस केलेला माणूस नालायक निघाला, तर बोल त्याच्याकडेही जातो. याच शब्दाला वशिल्याचीही छटा आहे. पात्रता नसलेल्याला पुढे सरकवण्याचे कामही शिफारशीनेच होते. पुस्तकाच्या शिफारशीत हे तिन्ही पक्ष आणि या दोन्ही छटा जशाच्या तशा राहतात. समीक्षक एखाद्या कादंबरीचे मूल्यमापन करतो तेव्हा त्याचे विधान कोणा एका वाचकाला उद्देशून नसते. शिफारस करणाऱ्यासमोर मात्र एक विशिष्ट माणूस उभा असतो आणि तो आपल्या शब्दावर विश्वासून आयुष्यातले पाच-सात दिवस देणार असतो.

म्हणून तीन विधाने वेगळी करून पाहायला हवीत. ‘ही कादंबरी मला आवडली’, ‘ही कादंबरी चांगली आहे’ आणि ‘ही कादंबरी तुम्ही वाचावी’. पहिल्या दोहोंतला भेद कांटने १७९० च्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात स्पष्ट केला आहे. कॅनरी बेटांवरचे मद्य रुचकर आहे असे म्हणणाऱ्याला ‘मला रुचकर वाटते’ अशी दुरुस्ती सुचवली, तर तो ती निमूटपणे मान्य करतो; परंतु एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणणारा केवळ स्वतःपुरते बोलत नसतो, तो इतरांच्या संमतीची अपेक्षा करीत असतो, आणि तरीही ती संमती कोणत्याही नियमाच्या आधारे मिळवून घेणे त्याला शक्य नसते. मराठीत या विचाराची काटेकोर चिकित्सा रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये झाली. परंतु या सर्व चर्चेत तिसऱ्या विधानाला स्वतंत्र जागा मिळालेली नाही. ते पहिल्या दोहोंतून आपोआप निष्पन्न होते असे गृहीत धरले जाते, आणि हे गृहीतक टिकणारे नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मधील मनीच्या मृत्यूचा भाग मराठी कादंबरीतील श्रेष्ठ गद्यापैकी आहे, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. ज्याची धाकटी बहीण नुकतीच वारली आहे अशा वाचकाच्या हाती ती कादंबरी द्यावी काय? देणारा म्हणेल, याच माणसाला तिची गरज आहे. न देणारा म्हणेल, आज नव्हे. दोघांचेही कादंबरीच्या मूल्याविषयीचे मत एकच असू शकते. येथे निर्णय होतो तो कलाकृतीविषयी नव्हे. एका माणसाचे दुसऱ्या माणसाविषयीचे काय कर्तव्य आहे, याविषयी तो असतो.

अभिरुचीभेदाची जाणीव प्राचीनांनाही होती. तरुण शृंगारात रमतात, शूरांना युद्धप्रसंग भावतात, अर्थपर माणसे अर्थाच्या कथेत संतुष्ट होतात, अशा आशयाची प्रेक्षकांची विभागणी भरताने नाट्यशास्त्रात केली आहे; आणि कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तील नाट्याचार्य भिन्न रुचीच्या लोकांचे एकत्र समाधान करणारी कला म्हणून नाट्याचा गौरव करतो. ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीविषयक निबंधात जवळपास हेच म्हटले : विसाव्या वर्षी ओव्हिड, चाळिशीत होरेस आणि पन्नाशीत टॅसिटस आवडावा यात कोणाचाच दोष नाही. मात्र भरत काय किंवा ह्यूम काय, दोघेही भेद मानतात तो माणसामाणसांतला किंवा एकाच माणसाच्या वयोवस्थांतला. ओव्हिड, होरेस आणि टॅसिटस हे तिघेही एकाच आठवड्यात घरी नेणारा वाचक त्यांच्या विचारकक्षेत येत नाही.

हा वाचक मराठीत दुर्मीळ नाही. वाचनालयाच्या खात्यावर बाबुराव अर्नाळकरांची एखादी झुंजारकथा, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), शिवाजी सावंतांचा ‘मृत्युंजय’ (१९६७), नारायण धारपांची एखादी भयकादंबरी आणि गौरी देशपांडे यांचे ‘एकेक पान गळावया’ ही पुस्तके एकाच महिन्यात नोंदवली गेली असतील, तर त्या खात्याच्या धन्याला काय म्हणावे? राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त भावकाचे चार प्रकार सांगितले आहेत. काहीच न रुचणारा तो अरोचकी. गवतासकट सर्व गिळणारा तो सतृणाभ्यवहारी. दुसऱ्याचे गुण दिसूनही न पाहणारा तो मत्सरी. आणि हजारांत एखादाच आढळणारा तो तत्त्वाभिनिवेशी. आपला बहुरुची वाचक प्रथमदर्शनी दुसऱ्या वर्गात बसवला जाईल, आणि मराठी समीक्षेने बहुधा त्याला तेथेच बसवले आहे. तथापि राजशेखराने या वर्गाविषयी दाखवलेली समज लक्षात घेण्याजोगी आहे. कुतूहलाने वाचू लागलेल्या प्रत्येकाची प्रारंभीची अवस्था हीच असते, असे तो मानतो. अरोचकाविषयी तो अधिक कठोर आहे. जे अरोचक ज्ञानातून आलेले असते त्याला उत्कृष्टाची चव तरी कळते. जे स्वभावातच असते ते कितीही संस्कार केले तरी जात नाही. आपल्या विद्यापीठीय वर्तुळात ही दोन अरोचके नेमकी ओळखता येत नाहीत, हा भाग निराळा.

रिचर्ड पीटरसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात संगीताच्या अभिरुचीचा अभ्यास करताना ‘सर्वभक्षी’ हीच प्रतिमा वापरली, हा योगायोग मोठा बोलका आहे. अमेरिकेतील वरच्या थरांतील श्रोते आता केवळ अभिजात संगीत ऐकत नाहीत. ते लोकसंगीतही ऐकतात आणि लोकप्रिय संगीतही. पूर्वी उच्चभ्रूपणा वगळण्यातून सिद्ध होत असे, आता तो सामावून घेण्यातून सिद्ध होतो, असा त्या निष्कर्षाचा एक अर्थ लावला गेला. पियर बोर्द्यूने १९७९ मध्ये अभिरुची ही सामाजिक भेद राखण्याची यंत्रणा आहे असे दाखवून दिले होते. बहुरुचीपणाही त्या यंत्रणेचा नवा भाग होऊ शकतो. ‘मी अर्नाळकरही वाचतो’ या वाक्यातील ‘ही’ हे अव्यय कोणत्या स्वरात उच्चारले जाते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ज्याच्या कपाटात मर्ढेकर दिसतात त्याने ते हसून उच्चारावे आणि आपण किती उदार आहोत हे सुचवावे, हा बहुरुचीपणा नव्हे. अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांपैकी कोणते बांधेसूद उतरले आहे आणि कोणते घाईत उरकलेले आहे, हे तो सांगू शकतो काय? सांगू शकत असेल, तर तो गवत आणि धान्य यांत भेद करतो आहे. त्याचे शेत तेवढे मोठे आहे. सांगू शकत नसेल, तर त्याने आपल्या उदारतेचे प्रदर्शन मांडले आहे एवढेच खरे.

अशा खऱ्याखुऱ्या बहुरुची वाचकाला पुस्तक सुचवणे कठीण असते, कारण साहित्यप्रकाराचे कुंपण तेथे उपयोगी पडत नाही. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला आणखी एक ऐतिहासिक कादंबरी देता येते. त्यासाठी कपाटाचा क्रमांक माहीत असला म्हणजे पुरे. बहुरुची वाचक ते काम स्वतःच करतो. त्याला हवे असते ते कपाटांच्या मधल्या वाटांचे ज्ञान, आणि मराठी समीक्षेने नेमके तेच फारसे कमावलेले नाही.

नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’ (१९९०) मध्ये मराठी कादंबरीच्या प्रेरणांची जी मांडणी आली, तिने पुढील पिढीच्या कादंबरीविषयक विचाराला वळण दिले. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’पासून (१८५७) निघणारी वास्तवाभिमुख प्रवृत्ती, लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासूनची (१८६१) कल्पनारम्य प्रवृत्ती आणि रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासूनची (१८७१) इतिहासाश्रयी प्रवृत्ती, असे ते तीन प्रवाह. वाङ्मयेतिहासाचे साधन म्हणून ही मांडणी अत्यंत उपयुक्त आहे, आणि तिच्यामागे कादंबरीने समाजाला उत्तरदायी असावे ही जी नैतिक निष्ठा आहे ती आदरणीय आहे. परंतु अनुयायांच्या हाती पडल्यावर हे वर्गीकरण एक शिडी झाले. सर्वांत वरच्या पायरीवर ‘यमुनापर्यटना’चे वारस, खाली बाकीचे, आणि मग प्रत्येक कादंबरीचे मूल्य ती वाचण्यापूर्वीच, ती कोणत्या पायरीवर ठेवायची एवढ्यावरून, निश्चित होऊ लागले. साहित्यप्रकार हे वर्णनाचे साधन आहे. त्याला निवाड्याचे अधिकार दिले, की वाचनाची गरजच संपते.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) या शिडीवर कोठे ठेवणार? शेजारच्या गावातून जोगणी आणताना प्राण गमावणारा राणोजी, त्याचा मुलगा फकिरा, त्याचा घोडा, दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी घातलेले दरोडे, इंग्रजी सत्तेशी झुंज, आणि अखेर आपल्या माणसांना ओलीस धरले गेल्यावर पत्करलेली शरणागती : हे सारे साहसकथेचे साहित्य आहे. निवेदनाचा वेग, नायकाचे उत्तुंगीकरण, प्रसंगांची नाट्यमय रचना या गोष्टी ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ यांच्या कुळातल्या वाटतात. परंतु या कादंबरीचा विषय मांग समाजाची भूक आणि अस्मिता हा आहे, आणि तिची अर्पणपत्रिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला वाहिलेली आहे. तिला वास्तवाभिमुख म्हणावे तर तिची अद्भुतता आड येते. रंजनपर म्हणावे तर तिच्यातील भूक आड येते. त्यामुळे बराच काळ असे घडले, की वाङ्मयीन कादंबरीचा अभ्यासक तिला साहसकथा म्हणून बाजूला ठेवी आणि साहसकथेच्या वाचकाला ती ‘सामाजिक’ म्हणून सुचवली जात नसे. सामान्य वाचकांनी मात्र ती सातत्याने वाचली. येथे साहित्यप्रकाराच्या कुंपणाने केवळ एका पुस्तकाला बाहेर ठेवलेले नाही. पराक्रमाची गोष्ट ऐकण्याचा आनंद आणि न्यायाची जाणीव या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत असा एक समज त्याने पक्का केला, आणि ज्या समाजाच्या पराक्रमाची गोष्ट पूर्वी कोणी लिहिलीच नव्हती, त्याला त्या समजाची किंमत मोजावी लागली.

याच्याशी निगडित असलेला दुसरा समज अधिक जुना आणि अधिक घातक आहे. ‘जसा वाचक तसे पुस्तक’ हे तत्त्व वरवर पाहता सहृदयतेचे वाटते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील दोन प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगतात. पण आपल्याकडे या तत्त्वाला अधिकारभेदाची सावली लगेच येऊन चिकटते. अमुक विद्या अमुकालाच, या विचाराच्या छायेत शेकडो वर्षे घालवलेल्या समाजात ‘हे पुस्तक तुम्हांला जड जाईल’ हे वाक्य निरुपद्रवी नसते. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याला ग्रामीण कादंबरी, दलित विद्यार्थ्याला दलित साहित्य, गृहिणीला कौटुंबिक कथा, निवृत्त कारकुनाला रहस्यकथा अशी वाटणी करणारा स्वतःला व्यवहारज्ञ समजतो. प्रत्यक्षात त्याने वाचकाला एक ओळखपत्र दिलेले असते आणि पुस्तक त्या ओळखपत्रावरचा शिक्का म्हणून वापरलेले असते. रंगनाथनांच्या सूत्रातील ‘त्याचा ग्रंथ’ कोणता हे वाचकाच्या जातीवरून, गावावरून वा व्यवसायावरून ठरत नाही. ते त्याच्या वाचनातून, बहुधा त्याच्याही नकळत, उलगडत जाते. बहुरुची वाचकाचे नैतिक महत्त्व येथे आहे. त्याच्या खात्यावरच्या नोंदी कोणत्याही ओळखपत्रात मावत नाहीत, आणि त्यामुळे शिफारस करणाऱ्याला त्याच्याकडे माणूस म्हणून पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मग अशा वाचकाला सुचवायचे काय, आणि कोणत्या अधिकाराने? एका प्रसंगाचा थोडा विस्ताराने विचार करता येईल. ‘मृत्युंजय’ वाचून भारावलेला वाचक पुढचे पुस्तक मागतो. कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण यांच्या आत्मनिवेदनांतून सावंतांनी उभा केलेला कर्ण हा अन्यायाने डावललेला, दानशूर, तेजस्वी पुरुष आहे, आणि वाचकांच्या पिढ्यांनी या कर्णात आपले डावलले जाणे पाहिले आहे. आता, त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ प्रसिद्ध झाला. ती कादंबरी नव्हे. महाभारतातील व्यक्तींवरील ते निबंध आहेत. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीला प्रमाण मानून कर्वे कर्णाकडे पाहतात, आणि त्यांना दिसणारा कर्ण प्रभेच्या वलयातला नाही. आपण कोण या प्रश्नाने आयुष्यभर पछाडलेला आणि त्या पछाडलेपणात चुकत गेलेला तो माणूस आहे. द्यूतसभेत द्रौपदीविषयी तो जे बोलला, ते या दृष्टीपुढे झाकता येत नाही. साहित्यप्रकाराची वेस ओलांडून ‘मृत्युंजया’च्या वाचकाला ‘युगान्त’ सुचवणे ही उत्तम शिफारस आहे, असे कोणताही मराठीचा प्राध्यापक म्हणेल. पण त्यात काय घडते ते पाहायला हवे. सुचवणाऱ्याला ठाऊक असते, की हे पुस्तक त्या वाचकाच्या एका प्रेमावर घाव घालणार आहे. वाचकाला ते ठाऊक नसते. ‘कर्ण आवडला ना, मग हे वाचा’ एवढेच सांगून पुस्तक हाती देणे ही एक प्रकारची फसवणूक आहे, आणि ती ज्ञानाच्या नावाने केली म्हणून कमी ठरत नाही.

यावर असा आक्षेप येईल, की साहित्याने अस्वस्थ करावेच. आधी सूचना देऊन केलेले अस्वस्थ करणे बोथट होते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु लेखकाने वाचकाला अस्वस्थ करणे आणि शिफारस करणाऱ्याने त्याला न सांगता अस्वस्थतेच्या दारात नेऊन उभे करणे, या दोन निरनिराळ्या कृती आहेत. लेखकाचा वाचकाशी असलेला करार पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरू होतो आणि वाचक ते पान केव्हाही मिटू शकतो. शिफारस करणाऱ्याने मात्र आपल्या पतीचा, स्नेहाचा किंवा गुरुत्वाचा उपयोग केलेला असतो. ज्याच्या शब्दाखातर पुस्तक उघडले, त्याच्या संकोचाने ते मिटवत नाही. म्हणून शिफारशीत पुस्तक काय देईल याबरोबरच ते काय काढून घेईल हेही सांगणे आवश्यक ठरते. कथानक उघड करण्याची गरज नसते. ‘यातला कर्ण तुमच्या कर्णासारखा नाही, तरीही वाचावेसे वाटले तर वाचा’ एवढे पुरे होते. असे सांगितल्यावर काही वाचक पुस्तक नेणार नाहीत. ती शिफारशीची हार नव्हे.

उलट बाजूचा दोष अधिक रूढ आहे : रंजनपर कादंबरीचा वाचक दिसला, की त्याला ‘वर’ नेण्याची घाई. अर्नाळकरांपासून सुरुवात करून कोणत्या पायऱ्यांनी ‘कोसला’पर्यंत न्यावे याचे आराखडे सद्भावनेने केले जातात. या आराखड्यात रहस्यकथेला स्वतःचे वचन असते हे विसरले जाते. ती प्रश्न विचारते आणि उत्तर देण्याचे वचन देते; वाचक त्या वचनावर विसंबून गोंधळ सोसतो. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) विखुरलेल्या तुकड्यांची कादंबरी आहे. तुकडे जुळवण्याची हौस असलेल्या रहस्यकथेच्या वाचकाला ती सुचवण्यात कल्पकता आहे, आणि एखाद्या वाचकाच्या बाबतीत ती यशस्वीही होईल. पण तिथे तुकडे जुळल्यानंतर कोणताही गुन्हेगार सापडत नाही. हे न सांगता ती देणारा एका वचनाच्या जागी दुसरे वचन गुपचूप ठेवत असतो.

याचा अर्थ प्रत्येक प्रकार आपापल्या जागी श्रेष्ठ आणि तुलना अशक्य, असा नाही. तसे मानले तर बहुरुचीपणा आणि उदासीनता यांत काही भेदच उरणार नाही. भयाचेच उदाहरण घेता येईल. धारपांच्या समर्थकथांमध्ये अनिष्ट शक्ती बाहेरून येते, घराच्या भिंतींतून, जुन्या वस्तूंतून, परक्या पाहुण्याच्या रूपाने. आणि समर्थ तिचा निःपात करतो. चि. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ (१९६६) मध्येही अतिमानवी शक्ती आहे, तिचा साक्षात्कार आहे, तिने दिलेले वरदान आहे. परंतु तो आवाज कोंडुऱ्याचा की परशुरामतात्यांच्या स्वतःच्या मनातील अंधाराचा, ही शंका कादंबरी मिटू देत नाही. धारपांचे भय दिवा लावल्यावर कमी होते. खानोलकरांचे भय दिवसाउजेडी वाढते, कारण आपल्या सदाचाराचा उगमच गढूळ असू शकेल असे ते सुचवते. या अर्थाने ‘कोंडुरा’ ही मोठी साहित्यकृती आहे, आणि असे म्हणताना धारपांवर अन्याय होत नाही. रात्री एकट्याने वाचताना दाराकडे पुनःपुन्हा पाहायला लावण्याचे वचन धारप अधिक चोख पाळतात, हेही तितकेच खरे आहे. धारप वाचणाऱ्याला ‘कोंडुरा’ सुचवताना ‘आता खरे साहित्य वाचा’ असे म्हणणे असभ्यपणाचे आहे. ‘भयाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात सुटका नाही’ असे म्हणणे यथार्थ आहे. पहिले वाक्य वाचकाच्या भूतकाळाचा अवमान करते. दुसरे त्याच्या अनुभवाला साक्षीदार मानते, कारण भय म्हणजे काय हे तो आधीपासून जाणतोच.

यांत्रिक शिफारशींचाही येथे ओझरता उल्लेख करायला हवा. हे पुस्तक घेणाऱ्यांनी तेही घेतले, अशा नोंदींवरून संगणक आज याद्या काढून देतो, आणि त्या पुष्कळदा अचूक ठरतात. मात्र त्यांत असते ते भाकीत. वाचकाला काय आवडेल हे ते वर्तवते. काय वाचावे हे सांगण्याची जोखीम त्यात कोणी घेतलेली नसते. भाकीत चुकले तर नोंद सुधारते. शिफारस चुकली तर दोन माणसांमधल्या विश्वासाला तडा जातो, आणि तो जाऊ शकतो म्हणूनच त्या शब्दाला वजन असते. आपण स्वतः न वाचलेल्या कादंबरीची, केवळ तिला पुरस्कार मिळाला म्हणून किंवा तिचे नाव चर्चासत्रांत ऐकले म्हणून, भलामण करणारा प्राध्यापक या यंत्रापेक्षा वरचढ ठरत नाही. यंत्राने निदान नोंदी तरी तपासलेल्या असतात.

सर्वांत अवघड शिफारस अशा कादंबरीची, जी श्रेष्ठ आहे आणि जी कोणतेच समाधान देत नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) वऱ्हाडी बोलीच्या आधाराने कौतिकच्या संसाराची होरपळ सांगते. ती कष्ट करते, जिद्द धरते, पुन्हा उभी राहते, आणि कादंबरी तिला काहीही देत नाही. लेखकाने सांत्वनाची एकही फट ठेवलेली नाही, यातच तिचे सामर्थ्य आहे. मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांची कोणतीही यादी तिच्याविना अपुरी राहील. तरीही बहुरुची वाचक ती चाळीस पानांनंतर परत आणून देतो आणि ‘नको, हे सोसवत नाही’ असे म्हणतो, तेव्हा सुचवणाऱ्याने काय करावे? वाचक कच्चा आहे असे मनाशी ठरवणे सोपे असते. पुढच्या वेळी त्याला हलकेफुलके काही देऊन मोकळे होणे त्याहून सोपे. पण ‘सोसवत नाही’ हा कादंबरीला मिळालेला चुकीचा प्रतिसाद नाही. शेवटपर्यंत वाचून ‘भाषा छान आहे’ एवढेच म्हणणाऱ्यापेक्षा हा वाचक ‘धग’च्या अधिक जवळ गेला असण्याची शक्यता आहे. त्याला ‘बनगरवाडी’ची आठवण करून देता येईल, कारण ती त्याने वाचलेली आहे. तीही दुष्काळाने ओस पडलेल्या वस्तीपाशी संपते. परंतु तिथे निवेदक बाहेरून आलेला मास्तर आहे. तो जसा आला तसा जातो, आणि त्याच्याबरोबर वाचकालाही गाव सोडता येते. ‘धग’मध्ये असा मास्तर नाही, म्हणून बाहेर पडण्याची वाटही नाही. हा फरक त्याला सांगावा, आणि पुस्तक काही दिवस कपाटात न पाठवता टेबलावरच राहू द्यावे.